विंडोज १० संपलं, लॅपटॉप नाही: बाबांच्या टेबलावर लिनक्सचे सात महिने

खिडकीबाहेर (धागाकर्ता)

गेल्या गणपतीत सांगलीला गेलो तेव्हा बाबांनी लॅपटॉप उघडून पडद्यावरची सूचना दाखवली. हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. बाबा ३४ वर्षं मराठीचे मास्तर होते. म्हणाले, "नापास मी झालोय की हा?"

नापास हाच झाला होता. २०१६ चा लॅपटॉप, पाचव्या पिढीतला इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. दोन्ही नाही. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद होणार होते. लॅपटॉप तसा ठणठणीत होता. बिजागऱ्या शाबूत, कळा शाबूत, पडद्यावर एक ओरखडा नाही. हा भंगारात घालून चाळीस हजारांचा नवा घ्यायला बाबा तयार नव्हते आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो.

लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत यंत्रणेबद्दल, ऐकून होतो, वापरलं कधीच नव्हतं. म्हणून आधी एक केलं: दोन दिवस वही घेऊन बाबांच्या मागे बसलो आणि ते काय काय करतात ते लिहून काढलं. पेपर वाचणं. नातीशी व्हिडिओवर बोलणं. बँकेची साइट. व्हॉट्सॲप वेब. पत्ते. महिन्याला चार-पाच पानं छापणं. आणि रोज सकाळी दोन तास आमचा कुलवृत्तांत. हे त्यांचं खरं काम, बाकी सगळं तोंडी लावायला. यादीत विंडोजवाचून अडेल असं काही दिसलं नाही. (एक होतं. ते खाली येईल.)

मग लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी मिंट निवडलं, कारण त्याचा मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असतो. हसू नका, ७२ वर्षांच्या माणसाला कोपरा महत्त्वाचा असतो. मिंटची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. तीन जीबीच्या आसपासची फाइल उतरवून घेतली, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. याची गंमत मला आधी माहीत नव्हती. आतल्या डिस्कला हातही न लावता अख्खी यंत्रणा समोर चालून दाखवते. वायफाय, आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करायच्या कळा, झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा उठणं, सगळं तपासून घेतलं.

जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातली आणि रॅम ८ जीबी केली. दोन्हीचे मिळून तीन हजारांच्या आत गेले. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उठतो. त्यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं आहे हे आधीच कबूल करतो, नाहीतर जाणकार मंडळी मला सोलतील.

सुरुवातीचे तीन आठवडे विंडोज आणि मिंट शेजारीशेजारी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन: "घड्याळाचा सेल गेलाय. सकाळचे साडेनऊ झालेत आणि हा पहाटेचे चार म्हणतोय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरोबर साडेपाच तास मागे, पण फक्त विंडोजमध्ये. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. आपलं अंतर साडेपाच तासांचं, म्हणून तेवढाच फरक. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकून लिनक्सलाही स्थानिक वेळ लिहायला सांगता येतं, ते केलं. ऑक्टोबरात विंडोज पुसूनच टाकलं.

हरलो ते प्रिंटरपुढे. छोटा काळापांढरा लेझर प्रिंटर, बारा वर्षं जुना, अजून सुरेख छापतो. लिनक्सला तो दिसतो, नावही कळतं, छापत मात्र नाही. दोन रात्री घालवल्या. बाबा आता पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. म्हणे तेवढंच पाय मोकळे होतात.

तक्रार एकच: पत्त्यांची पाठ पूर्वीसारखी नाही.

आता माझा प्रश्न. कुलवृत्तांत बाबा लिबर ऑफिसमध्ये (वर्डसारखंच, पण मोफत) लिहितात आणि पुण्याच्या चुलतभावाला वर्डच्या फाइलीत पाठवतात. इथे २१२ पानं, त्याच्याकडे उघडली की २३१. वंशावळीचे तक्ते अर्धे एका पानावर, अर्धे दुसऱ्यावर. काय करावं?

---

रात्रपाळी

अभिनंदन! दुसरी डिस्क नसताना शेजारीशेजारी ठेवणारे आणखी एका गोष्टीत फसतात. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर बंद करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून ती डिस्क नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. लोक म्हणतात लिनक्सने डिस्क बिघडवली. तो पर्याय बंद करायचा, झालं.

आणि ज्यांच्याकडे विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आहे त्यांनी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बोट घालण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली कागदावर उतरवून घ्या. पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क मुळातच कुलूपबंद येते. बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी यंत्रणा सुरू होऊ न देणारी सोय) बदललं की विंडोज ४८ आकड्यांची किल्ली मागतं. माझ्या मेहुण्याला ती किल्ली कुठल्या ईमेल खात्यात आहे हे शोधायला दीड दिवस लागला, कारण ते खातं त्याने लॅपटॉप घेताना दुकानातच उघडलं होतं.

---

डोंगलग्रस्त

धागा छान, पण हे वाचून कुणी ऑफिसचा संगणक पुसायला जाऊ नये म्हणून लिहितो. मी सीए आहे. टॅली विंडोजचं. डिजिटल सहीचं टोकन म्हणजे तो यूएसबी डोंगल, त्याचा लिनक्सवरचा ड्रायव्हर मिळतो असं म्हणतात. मला मिळालाही. मग सरकारी साइट, ब्राउझर, सही करवणारं मधलं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर या चौघांचं एकमत होईना. सप्टेंबरअखेर ऑडिटची मुदत, समोर तीन अशील बसलेले आणि मी टर्मिनलमध्ये. त्या रात्री नवा विंडोज ११ चा संगणक मागवला.

घरच्या संगणकावर मिंट आहे, चार वर्षं. तिथे डोंगलला प्रवेश नाही.

---

रात्रपाळी

@डोंगलग्रस्त, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज टाकून यूएसबी आत वळवता येतं की. माझ्या एका मित्राचं टोकन तसंच चालतं.

---

डोंगलग्रस्त

चालतं, मान्य. पण मग विंडोजचा परवानाही घ्यायचा, रॅमही दुप्पट लावायची आणि वर लिनक्सही सांभाळायचं. घोडा तो घोडा आणि वर नाल वेगळी. व्यवसायाला हे परवडत नाही.

---

जुना_टंकलेखक

मी नापास पिढीतलाच आहे. जिल्हा कचेरीत १९८१ पासून टंकलेखन केलं. माझी बोटं रेमिंग्टनच्या कळपाटाची आहेत. पुढे संगणक आले, इन्स्क्रिप्टचा नवा कळपाट आला, 'केएचयूपी लिहा, खूप उमटेल' आलं. मला यातलं काही जमलं नाही आणि आता जमवायची इच्छाही नाही. विंडोजवर एक जुनं देवनागरी सॉफ्टवेअर आहे, त्यात माझी बोटं चालतात. ते लिनक्सवर चालणार नाही. तेव्हा हे सगळं आमच्यासाठी नाही, एवढंच.

---

मोडीवाचक

काका, थांबा. लिनक्सवर आयबस नावाची टंकनाची सोय असते आणि तिला जोडून 'एम१७एन' म्हणून एक संच टाकता येतो. (नाव विचित्र वाटतं खरं. इंग्रजीत 'मल्टिलिंग्वलायझेशन' लिहिलं तर पहिलं अक्षर एम, शेवटचं एन आणि मधे सतरा अक्षरं. जपानमधल्या संशोधकांचं हे काम.) त्यात मराठीखाली एक नव्हे, अनेक पद्धती आहेत: इन्स्क्रिप्ट, सुधारित इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स, आपल्या सगळ्यांची लाडकी गमभन, आणि रेमिंग्टनसुद्धा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून दोन वस्तू उतरवायच्या, एकदा बाहेर पडून परत आत यायचं आणि यादीत मराठी शोधायचं.

अंक आणि विरामचिन्हांच्या जागा तुमच्या कचेरीतल्या यंत्रासारख्या तंतोतंत नसतील. पण पेनड्राइव्हवरून करून बघायला काय जातंय?

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. पानं वाढतात त्याला वर्ड दोषी नाही, लिबर ऑफिसही नाही. दोष फॉन्टचा. बाबांची जुनी फाइल विंडोजवर सुरू झाली असणार आणि तिच्यात मंगल फॉन्ट असणार. मंगल विंडोजबरोबर येतो, लिनक्सवर नसतो. मग लिबर ऑफिस त्याजागी लोहित किंवा नोटो असं जवळचं काहीतरी दाखवतं, फाइलीत नाव मात्र मंगलचंच राहतं. पुण्याला ती उघडली की खरा मंगल जागा होतो. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, त्यासाठी ओळीला किती उंची द्यायची हे प्रत्येक फॉन्टने आपापलं ठरवलेलं असतं. पानामागे दोन ओळी सरकल्या की २१२ ची २३१ व्हायला वेळ लागत नाही.

उपाय: दोघांनी एकच मोफत फॉन्ट घ्यायचा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका, किंवा नोटो. दोन्ही संगणकांवर तोच. आणि लिबर ऑफिसमध्ये एक मेख आहे. तिथे रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा साठवलेला असतो. देवनागरी 'सीटीएल' म्हणजे गुंतागुंतीच्या लिप्यांच्या खात्यात जाते. नुसता मजकूर निवडून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलत बसू नका, शैलीमध्ये जाऊन सीटीएलचा फॉन्ट, आकार आणि भाषा मराठी अशा तिन्ही गोष्टी लावा. भाषा मराठी लावल्याचा एक फायदा असा की ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाहीत. मराठीच्या मास्तरांना हे आवडेल.

---

खिडकीबाहेर

@मोडीवाचक, साष्टांग नमस्कार. ल चं वाचून बाबा खुर्चीतून उठले. "सात महिने मी हिंदीत ल काढत होतो आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?" शोभिका टाकला. पुण्यालाही टाकायला सांगितला. संध्याकाळी सांगतो.

दुसरा भाग आता विचारूनच घेतो. कुलवृत्तांताची पहिली नव्वद पानं २००४ मध्ये एका टायपिंगवाल्याकडून करून घेतली होती, जुन्या फॉन्टात. ती उघडली की स्वल्पविराम, डॉलर आणि कंसांची खिचडी दिसते. नेटवरच्या एका परिवर्तकात टाकून पाहिली. आत्याचं सासर धर्माधिकारी, ते 'धमार्िधकारी' होऊन आलं.

---

मोडीवाचक

हा प्रकार ओळखीचा आहे. जुन्या फॉन्टात संगणकाच्या लेखी देवनागरी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपल्या अक्षरांची चित्रं बसवली होती आणि ती डोळ्याला दिसतील त्या क्रमाने टाइप करायची. म्हणजे 'धि' लिहिताना वेलांटी आधी, ध नंतर. रफार तर म आणि काना होऊन गेल्यावर. आताच्या युनिकोडचा (सगळ्या संगणकांच्या समान अक्षरसंचाचा) क्रम उच्चाराचा आहे: आधी ध, मग वेलांटी, आधी र आणि पायमोड, मग म. परिवर्तकाने चित्रांची अदलाबदल केली आणि क्रम तसाच ठेवला की धर्माधिकाऱ्यांचं असं होतं.

चांगला परिवर्तक क्रमही लावतो. जुना फॉन्ट नेमका कुठला ते फाइलीतून काढा, नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो, चुकीचा तक्ता लावला की गाडी आणखी घसरते. आणि मूळ फाइल पुसू नका! ते फॉन्ट फोल्डरमध्ये टाकले तर लिनक्सवरही ती पानं पूर्वीसारखी दिसतील. शेजारी ठेवून मुद्रितशोधन करता येईल.

---

कोरलवहिनी

आम्ही इचलकरंजीत लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करतो. जुन्या फॉन्टांना शिव्या देणाऱ्यांनो, ग्राहक पेनड्राइव्हवर काय आणतो ते एकदा येऊन बघा. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आलेला माणूस मुलाच्या लग्नाची २००९ ची कोरलड्रॉची फाइल घेऊन येतो. "हीच, फक्त नावं बदला." इंकस्केप हे चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर मी शिकले, चांगलं आहे, गणपतीच्या रेषा त्यात काढते. पण ही कोरलची फाइल त्यात उघडली की गणपती एकीकडे आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' दुसरीकडे. दुकानात विंडोजच राहणार.

---

रात्रपाळी

अवांतर: कोरलने १९९९ मध्ये स्वतःचंच लिनक्स काढलं होतं आणि पुढच्या वर्षी कोरलड्रॉ ९ ची लिनक्स आवृत्तीही आली होती. टिकलं नाही. टिकलं असतं तर वहिनींचा आज हा प्रतिसाद आला नसता.

---

कोरलवहिनी

आला असता. फ्लेक्सच्या मशीनचं सॉफ्टवेअर तरी विंडोजचंच आहे ना.

---

पाकिटबंद_सीडी

जुने दिवस आठवले. २००६ मध्ये उबुंटूवाल्यांना नेटकॅफेतून पत्ता भरून पाठवला आणि महिन्या-दीड महिन्याने पोस्टमन खरोखर पाकीट घेऊन आला. सीड्या, वर स्टिकरं. एक पैसा नाही. वडील म्हणाले, फुकट कुणी काही देत नाही, उघडू नकोस. उघडलं. संगणक सुरू झाला, तपकिरी पडदा आला, ढोलासारखा आवाज आला आणि मोडेम काही ओळखला नाही. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. तीन दिवस कॅफे ते घर, घर ते कॅफे, फ्लॉपीवर फायली घेऊन. शेवटी विंडोज एक्सपीच्या चरणी.

उबुंटूने ती योजना २०११ मध्ये बंद केली. स्टिकर अजून माझ्या ट्रंकेवर आहे. आता हा धागा वाचून हात शिवशिवतायत.

---

इजारवाली_बव्हेरियन

म्युनिकहून. इथे इजार नदीच्या काठी लोक अजून या विषयावर भांडतात. नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचा ठराव केला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक हलवले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव झाला. एक बाजू म्हणते तंत्र फसलं, दुसरी म्हणते राजकारण झालं. मला विचाराल तर बाकीच्या खात्यांशी देवाणघेवाण करायच्या फायली आणि प्रत्येक खात्याचं एखादं जुनं विंडोजचं सॉफ्टवेअर, यांनी त्यांचा जीव काढला. म्हणजे इचलकरंजीचीच कथा, आकडे मोठे. गंमत अशी की उत्तरेकडच्या श्लेसविग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी तोच रस्ता जाहीर केला. तिथे मात्र आधी लिबर ऑफिस आणि ईमेल हलवायचं, विंडोज शेवटी. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. घरीही तसंच करावं: विंडोजवर असतानाच फायरफॉक्स, लिबर ऑफिस, व्हीएलसी वापरायला लागा. यंत्रणा खालून बदलली तरी माणसाला फारसं कळत नाही.

---

बदलीवाला

बँकेच्या नोकरीत सध्या एर्नाकुलमला आहे. केरळच्या सरकारी शाळांत संगणक म्हणजे लिनक्सच. उबुंटूवर बेतलेली त्यांची स्वतःची आवृत्ती आहे. शेजारची आठवीतली मुलगी शाळेत लिबर ऑफिस, गिंप (चित्रांसाठी) आणि जिओजेब्रा (गणितासाठी) शिकते. तिला मी विचारलं, विंडोज येतं का? ती म्हणाली, मामाकडे आहे, तिथे सगळं वेगळ्या जागी असतं. आपण नेमकं हेच लिनक्सबद्दल म्हणतो. काय अवघड वाटावं, ते आधी काय शिकलो यावर आहे.

---

सातवी_मात्रा

देशी म्हणून सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस का नको? आणि विंडोज १० ला वर्षाची मुदतवाढ मिळते म्हणे, मग घाई कशाला?

---

रात्रपाळी

बॉस हे चेन्नईच्या केंद्रातून निघालेलं, डेबियनवर बेतलेलं लिनक्सच आहे, वाईट नाही. पण रात्री अकराला आवाज गेला तर उत्तर शोधावं लागतं. उबुंटू किंवा मिंटचं नाव घालून शोधलं की कुणीतरी सहा वर्षांपूर्वी त्याच दुखण्यावर रडून गेलेलं सापडतं. नवख्याने गर्दी आहे तिथे जावं.

मुदतवाढ खरी आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरून सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवल्या तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे रिवॉर्ड पॉइंट. तेवढ्यात यादी करा, पेनड्राइव्हवर करून बघा.

---

सेतू_चालक

आमच्याकडे नागरी सेवा केंद्र आहे, अंगठ्याची मशीन लागते. मशीनवाल्याला फोन केला की लिनक्सचा ड्रायव्हर द्या. तो म्हणाला, "म्हणजे अँड्रॉइड का?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "मग नाही." पुढे बोलणं झालं नाही.

(तसं अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो, पण त्याला हे सांगून उपयोग काय.)

---

तेरावा_स्तर

मुलांचे गेम्स? कुणीच बोलत नाहीये.

---

रात्रपाळी

स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ चालतात. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, तेव्हापासून विंडोजचे गेम्स लिनक्सवर आपसूक चालू लागले. त्यांचं हातातलं यंत्र स्टीम डेक तर लिनक्सवरच आहे. पण ज्यांची खेळातली लबाडी पकडणारी व्यवस्था विंडोजच्या गाभ्यापर्यंत शिरते असे काही ऑनलाइन गेम्स, उदा. व्हॅलोरंट, नाही चालत. मुलगा तेच खेळत असेल तर लिनक्स टाका आणि दहावीला चांगले मार्क पाहा.

---

खिडकीबाहेर

अहवाल. शोभिका, सीटीएल, भाषा मराठी, सगळं लावलं. इथे २१८ पानं, पुण्याला २१८. वंशावळ एका पानावर! चुलतभावाने फोटो पाठवला. बाबांनी तो वाढवून आधी ल पाहिला, मग वंशावळ.

जुना फॉन्टही ओळखला. @मोडीवाचक यांनी व्यनितून तक्ता दिला, त्यातून नव्वद पानं काढली. धर्माधिकारी आता धर्माधिकारीच आहेत. मात्र 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला तो डोळ्याच्या केसासारखा र सगळीकडे रफार होऊन गेला, म्हणजे 'दुसर्या' असं. बाबांनी ते हातानेच सुधारायला घेतलं आहे. इन्स्क्रिप्टवर त्यांना युक्ती दाखवली: शिफ्ट आणि जे ने नुक्त्याचा ऱ, मग डी ने पायमोड, मग य. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी पडद्याशेजारी चिकटवलं आहे.

प्रिंटरचं मात्र अजून कुणी सुचवलं नाही.

---

रात्रपाळी

मुद्दाम नाही सुचवलं. तसल्या जुन्या लेझर प्रिंटरांत डोकं नसतं, पान कसं छापायचं हे सगळं संगणकातला ड्रायव्हर ठरवतो आणि तो कंपनीने फक्त विंडोजसाठी नीट सांभाळलेला असतो. आणखी दोन रात्री घालवू नका. कधी नवा घ्याल तेव्हा खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का बघा. आयफोनला ड्रायव्हरशिवाय छापून देणारा प्रिंटर बहुधा लिनक्सलाही देतो. तोवर झेरॉक्सवाला आहेच.

---

जुना_टंकलेखक

हा प्रतिसाद पेनड्राइव्हवरून लिहितो आहे. नातवाने मिंट घालून दिलं, मोडीवाचक यांनी सांगितलेल्या दोन वस्तू उतरवल्या आणि यादीत मराठी रेमिंग्टन निघालं. पहिली दहा मिनिटं काही अक्षरं वेगळ्या घरात सापडली. मग सापडली. बोटं आपोआप चालू लागली तेव्हा नातू म्हणाला, आजोबा, खाली न बघता? मी म्हटलं, आम्ही कधी खाली बघत नव्हतो, साहेब बघायचे.

काल रात्री बसून कचेरीतल्या आठवणींची तीन पानं लिहिली. साठवून झोपलो. सकाळी लॅपटॉप पेनड्राइव्हवरून पुन्हा चालू केला तर फाइल कुठेच नाही. मेनू आहे तसाच, मराठीही पुन्हा टाकावं लागलं. कुठे शोधू?

---

खिडकीबाहेर

काका, चूक माझी. धाग्यातच लिहायला हवं होतं. नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवलं की सगळं रॅममध्ये असतं, बंद केलं की पुसलं जातं. साठवायचं असेल तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवायचं, नाहीतर डिस्कवर मिंट टाकायचं. ती तीन पानं गेली.

---

जुना_टंकलेखक

गेली तर गेली. पाठ आहेत. नातू शनिवारी येतोय, डिस्कवर टाकून घेतो. त्याआधी जुन्या सॉफ्टवेअरमधल्या माझ्या फायलींचा फॉन्ट कुठला, ते कसं काढायचं? मोडीवाचक, व्यनि केला आहे.